रविवारी चिरून ठेवलेल्या भाजीत गुरुवारी काय उरतं?

गवतफूल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही दोघं नोकरी करणारे, सात वर्षांची लेक आणि सासरे असं आमचं घर. आठवड्याची भाजी-फळं एकदम आणते. रविवारी दुपारी सगळं धुते, निवडते, चिरते आणि डब्यांत भरून फ्रीजमध्ये लावते. त्या संध्याकाळी फ्रीज उघडला की फार बरं वाटतं. बुधवार उजाडेपर्यंत मात्र पालक चिकट होतो, काकडीला पाणी सुटतं, गाजराच्या कापांवर पांढरट थर येतो. गेल्या गुरुवारी पालकाचा अख्खा डबा टाकून दिला आणि दिवसभर मनाला लागून राहिलं.

त्याच दिवशी सासऱ्यांनी सहज विचारलं, "चार दिवसांपूर्वी चिरलेल्या भाजीत सत्त्व राहतं का गं?" मला उत्तर देता आलं नाही. मी वेळ वाचवतेय की घरच्यांच्या ताटातलं काही कमी करतेय, हे नीट समजून घ्यायचंय. जाणकारांनी लिहावं.

वाटसरू
वाचतोय. एकटा राहतो, माझाही हाच प्रश्न आहे.

पाणकळा
गवतफूल, चांगला विषय काढलात. मी काढणीपश्चात तंत्रज्ञान शिकलो आणि अकरा वर्षं शीतगृहात काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तोडलेली भाजी जिवंत असते, ती श्वास घेत असते. हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःतली साखर जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकते. झाडाशी नातं तुटलेलं असल्यामुळे आवक बंद, खर्च चालू. तापमान १० अंशांनी वाढलं की हा खर्च साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. फ्रीज हा खर्च मंदावतो, थांबवत नाही.

चिरल्यावर नेमकं उलटं घडतं. जखम झालेल्या पेशी दुरुस्तीला लागतात आणि श्वसन वाढतं. फुटलेल्या पेशींतले एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, मोकळे होतात, प्रत्येक कापाला हवा लागते. क जीवनसत्त्व आणि फोलेट (बी गटातलं एक जीवनसत्त्व) हे दोन सगळ्यात नाजूक. हवा, ऊब आणि पाणी, तिन्हींपुढे ते हरतात. पालकाचंच उदाहरण देतो. २००४ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात पिशवीबंद पालक वेगवेगळ्या तापमानांना ठेवून पाहिला होता. त्यातलं फोलेट जवळपास निम्म्यावर यायला ४ अंशांना ८ दिवस लागले, १० अंशांना ६ आणि २० अंशांना फक्त ४. आता बाजारातून आणताना पिशवी गाडीत तासभर तापली, तर त्याची कल्पना करा.

पण सगळ्या भाज्या सारख्या धापा टाकत नाहीत. पालक, मटार, मशरूम, ब्रोकोली, शतावरी यांचं श्वसन फार वेगवान असतं. कोबी, गाजर, बीट मध्यम. कांदा, बटाटा, सफरचंद अगदी संथ. म्हणून आठवड्याचा क्रम भाजीच्या श्वासावर लावा. पालक-मशरूम सोमवार-मंगळवारी संपवा, फ्लॉवर आणि फरसबी मधल्या दिवसांत, गाजर-कोबी-बीट शेवटी. गाजर-कोबी चिरायची घाई रविवारी कशाला? ती तशीही थांबणारी मंडळी आहेत.

आता तुमच्या तीन तक्रारी.

पालक चिकट होतो, कारण तुम्ही तो धुऊन ठेवता. पानावर राहिलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. न धुता, पिवळी आणि चुरगळलेली पानं काढून, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. कापड ओलसर झालं की बदला. धुऊनच ठेवायचा असेल तर पान न् पान कोरडं झालं पाहिजे.

काकडीचं पाणी हा थंडीचा घाव आहे. काकडी मूळची उष्ण हवामानातली, १० अंशांखाली काही दिवस राहिली की तिच्या पेशींची आवरणं फाटतात. सालीवर खड्डे पडतात आणि ती पाणचट होते. फ्रीजमध्ये ठेवायचीच तर अख्खी, दाराजवळच्या त्यातल्या त्यात कमी गार जागेत, आणि दोन-तीन दिवसांत खा. केळ्यालाही १३ अंशांखालची थंडी सोसत नाही, साल काळी पडते. पिकत आलेला टोमॅटो बाहेरच ठेवा. थंडीत त्याची चव देणारी गंधद्रव्यं तयार व्हायची थांबतात आणि बाहेर काढल्यावरही पूर्ववत होत नाहीत.

गाजरावरचा पांढरा थर म्हणजे बुरशी नव्हे, पृष्ठभाग सुकलाय एवढंच. खायला काही हरकत नाही. ओलसर कापडात गुंडाळलंत तर येणार नाही.

टिपकागद
पाणकळा, फळांबद्दलही लिहा ना. आमच्याकडे सगळी फळं आणि भाज्या एकाच कप्प्यात असतात.

पाणकळा
तिथेच मोठं नुकसान होतं. सफरचंद, केळी, पिकणारा टोमॅटो, आंबा, पपई, नाशपाती हे सगळे इथिलीन वायू सोडतात. हा वनस्पतींचा पिकण्याचा निरोप आहे. रशियन शास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबॉव्ह यांनी १९०१ साली दाखवलं की दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे मटाराची रोपं वेडीवाकडी वाढतात. १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं की पिकणारं सफरचंद स्वतःच हा वायू तयार करतं.

निरोप शेजाऱ्यांनाही ऐकू जातो. पालेभाजी आणि ब्रोकोली पिवळी पडते, काकडी लवकर मऊ होते, गाजर चक्क कडू होतं. पुष्कळ जणांना वाटतं गाजरच कडू निघालं, पण दोष शेजारच्या सफरचंदाचा असतो. कच्चं फळ पिकवायचं असेल तर हाच गुण वापरा, कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा.

कांदा आणि बटाटाही एकत्र नकोत. दोघांना अंधार आणि हवा हवी, पण कांद्याला कोरडेपणा मानवतो आणि बटाटा ओल सोडतो. बटाट्यावर उजेड पडला की तो हिरवा होतो. तो हिरवा रंग निरुपद्रवी हरितद्रव्याचा, पण त्याच उजेडात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती शिजवून जात नाहीत. थोडासा हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून टाका. बटाटा बराच हिरवा किंवा चवीला कडू असेल तर अख्खाच टाका.

वाटसरू
बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नये, असंही वाचलं होतं. खरं का?

पाणकळा
सहा-सात अंशांखाली बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. मग तळताना-भाजताना तो लवकर करपतो आणि अ‍ॅक्रिलामाइड हे घातक मानलं जाणारं रसायन जास्त बनू शकतं, म्हणून तो सल्ला होता. मात्र ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०२३ मध्ये नव्याने तपासून, घरगुती वापरात याने लक्षणीय फरक पडत नाही असं सांगितलं आणि सल्ला बदलला. मी स्वतः अंधाऱ्या, गार जागेतच ठेवतो, चव चांगली राहते. जागा गरम असेल आणि बटाट्यांना कोंब येत असतील तर फ्रीज बरा.

शेवंती
मुलांनो, छान चर्चा चाललीय. गवतफूल, एक अनुभवाची गोष्ट सांगते. पालेभाजी शिजताना मी चिमूटभर खायचा सोडा घालते, रंग अगदी हिरवागार राहतो. काळपट भाजी कुणी आवडीने खात नाही.

कुंदकळी
शेवंतीताई, रंगाबद्दल तुमचं निरीक्षण अचूक आहे. शिजताना भाजीतली आम्लं सुटतात आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, म्हणून रंग शेवाळी होतो. सोडा ती आम्लं मारतो. पण त्याच अल्कलीने बी१ आणि क जीवनसत्त्वही झपाट्याने नष्ट होतं, आणि भाजी गिळगिळीत होते. पहिली दोन-तीन मिनिटं झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर थोडाच वेळ शिजवून बघा. काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात, रंग बऱ्यापैकी टिकतो.

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे शिजवण्याबद्दल लिहिते. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणं हा सगळ्यात महाग प्रकार, कारण क आणि बी गटातली जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात. वाफवणं, मायक्रोवेव्हमध्ये चमचा-दोन चमचे पाण्यावर शिजवणं, किंवा पाण्यासकट सूप करणं, हे बरेच चांगले. मायक्रोवेव्हला लोक उगीच घाबरतात. वेळ कमी, पाणी कमी, म्हणून नुकसानही कमी.

पण "कच्चं तेवढं चांगलं" हेही सरसकट खरं नाही. कॉर्नेल विद्यापीठात २००२ मध्ये टोमॅटो ८८ अंशांना तापवून पाहिले. २ मिनिटांत क जीवनसत्त्व १० टक्के घटलं, १५ मिनिटांत १५ आणि ३० मिनिटांत २९ टक्के. लायकोपीन, म्हणजे टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, मात्र त्याच वेळांना ५४, १७१ आणि १६४ टक्क्यांनी जास्त मिळालं, कारण उष्णतेने पेशींच्या भिंती सैल होतात. म्हणून मी घरी दोन्ही ठेवते, काही टोमॅटो कच्चे, काही शिजवलेले. गाजर आणि पालकातलं कॅरोटीन (ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) शोषलं जायला थोडं तेल किंवा स्निग्ध काहीतरी सोबत लागतं. कोरडी सॅलड खाणाऱ्या माझ्याकडच्या बऱ्याच जणांना हे सांगावं लागतं. भाज्यांमधलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा, आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर तरी लांब ठेवा.

रानपाखरू
क जीवनसत्त्व उष्णतेने जातं, यावरून इतिहासातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलातल्या डॉक्टरने स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे भराभर सुधारले. पुढे लांबच्या सफरींसाठी रस टिकावा म्हणून लिंडने तो आटवून घट्ट अर्क करायची कृती सुचवली. त्या आटवण्यात आणि साठवणीत औषधी गुणच बहुतांश निघून गेला. उपाय हातात होता, टिकवायची पद्धत चुकली. गवतफूल यांच्या रविवारच्या डब्यांबद्दल वाचताना मला तेच आठवलं.

टिपकागद
धुण्याबद्दल कुणीतरी सांगा. मला फवारणीच्या औषधांची फार भीती वाटते. मी सगळं मिठाच्या पाण्यात तासभर भिजवते.

कुंदकळी
तासभर नको, त्यात भाजीचंही काही निघून जातं. अख्खी भाजी वापरण्याआधी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. चिरल्यावर कधीही धुऊ नका. साबण तर अजिबात नको, तो सालीतून आत मुरू शकतो. सफरचंदांवर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये प्रयोग झाला होता. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा घेऊन त्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर, तपासलेल्या दोन औषधांचा पृष्ठभागावरचा अंश निघाला. सालीच्या आत शिरलेला अंश मात्र निघाला नाही. तेवढ्यासाठी साल काढावी का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी काढत नाही, सालीतला तंतू मला हवा असतो.

वाटसरू
माझा एक मुद्दा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, त्यात बटाटा धरलेला नाही. चिरलेलं तयार नसेल तर रात्री नऊला घरी येऊन मी पावाचे दोन तुकडे खाऊन झोपतो. मला दहा टक्के क जीवनसत्त्व गेलेलं गाजर परवडेल, न खाल्लेलं गाजर नाही.

गवतफूल
वाटसरू, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.

पाणकळा
मान्य. मी चिरूच नका असं म्हणत नाही, काय चिरायचं ते निवडा एवढंच म्हणतोय. कापाचा आकार मोठा ठेवला तर उघडा पृष्ठभाग कमी राहतो. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पेशी चेंगरतात आणि कड लवकर काळवंडते. चिरलेलं काहीही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं आणि फ्रीज खरोखर ४ अंशांवर किंवा त्याखाली हवा. एक साधा थर्मामीटर पेल्यातल्या पाण्यात बुडवून रात्रभर आत ठेवा. पुष्कळ घरांत तो सात-आठ अंश दाखवतो.

आणि आधी चिरणं फायद्याचं ठरतं अशाही भाज्या आहेत. लसूण ठेचला की त्यातला एन्झाइम अ‍ॅलिसिन हे लसणाचं उग्र वासाचं, गुणकारी मानलं जाणारं द्रव्य बनवू लागतो. लगेच गरम तेलात टाकलात तर एन्झाइम मरतो, म्हणून ठेचून दहा मिनिटं थांबा. ब्रोकोलीतही असंच, तुरे चिरून अर्धा-पाऊण तास ठेवले की सल्फोराफेन हे ब्रोकोलीतलं गुणकारी मानलं जाणारं द्रव्य शिजवण्याआधीच तयार होतं. विसरलात तर शिजलेल्या ब्रोकोलीवर थोडी मोहरीची पूड भुरभुरा, मोहरीत तोच एन्झाइम असतो.

शेवंती
मी तर ठेचलेला लसूण तेलात बुडवून बाटलीत भरून ठेवते, ओट्यावरच. महिनाभर पुरतो. हे चालतं ना?

पाणकळा
शेवंतीताई, ही बाटली कृपया आजच टाकून द्या. मातीतून आलेल्या लसणावर बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा नसते, आम्ल नसतं आणि ओट्यावर ऊब असते, म्हणजे विष तयार व्हायला जे जे लागतं ते सगळं तिथे आहे. वास किंवा चव बदलत नाही, त्यामुळे कळतही नाही. तेलातला लसूण फ्रीजमध्ये आणि जास्तीत जास्त चार दिवस. जास्त हवा असेल तर बर्फाच्या साच्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा.

शेवंती
टाकली. आत्ताच. बरं झालं विचारलं.

कुंदकळी
गवतफूल, मगाशी राहून गेलं. घरात सासरे आहेत असं लिहिलंत. त्यांना काही औषधं चालू आहेत का? भाज्यांचे सल्ले सगळ्यांना सारखे लागू होत नाहीत, म्हणून विचारतेय.

गवतफूल
हो, रक्त पातळ करायची गोळी आहे. वॉरफरिन. मुतखडाही एकदा होऊन गेलाय. पाणकळांचा क्रम वाचून मी ठरवलं होतं की सगळा पालक सोमवार-मंगळवारीच संपवायचा.

कुंदकळी
मग थांबा. पालकात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं. पालक बंद करायचा नसतो, पण प्रमाण स्थिर ठेवायचं असतं. दोन दिवस मोठी वाटी आणि पाच दिवस काहीच नाही, किंवा एका आठवड्यात दोन जुड्या आणि पुढच्या आठवड्यात शून्य, असे चढउतार झाले तर रक्ताच्या तपासणीतला आकडा हलतो. रक्त पातळ करणाऱ्या काही नव्या गोळ्यांना हा नियम नसतो, वॉरफरिनला आहे. बदल करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना आहार सांगा, म्हणजे ते डोस त्याप्रमाणे बसवतील.

मुतखड्याचं वेगळं. पालकातली ऑक्झलेटं (ज्यांच्यापासून खडे बनू शकतात अशी द्रव्यं) कमी करायला, मी वर ज्याला महाग प्रकार म्हटलं तोच उपयोगी पडतो. वेगवेगळ्या भाज्या तपासल्या तेव्हा उकळून पाणी टाकल्याने विद्राव्य ऑक्झलेटं ३० ते ८७ टक्के घटली, वाफवून ५ ते ५३ टक्के. के जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, ते पानातच राहतं. सासऱ्यांचा पालक उकळून, निथळून. लेकीचा वाफवून.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचंही असंच असतं. त्यांना पोटॅशियम कमी हवं असेल तर बटाट्याच्या लहान फोडी भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकायला सांगतो, साधारण निम्मं पोटॅशियम जातं. नुसतं रात्रभर भिजवून फारसा फरक पडत नाही.

गवतफूल
हे तर मला कधीच सुचलं नसतं. मनापासून आभार. पण मग पालकाचं करू काय? दोन दिवसांत संपवायचा नाही आणि आठवडाभर टिकत नाही.

पाणकळा
फ्रीजर. आणल्या दिवशीच उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ, मग घट्ट पिळून लहान-लहान सारख्या मापाचे गोळे करा आणि उणे १८ अंशांना ठेवा. उकळत्या पाण्यामुळे एन्झाइम निकामी होतात. ही पायरी टाळलीत तर फ्रीजरमध्येही रंग आणि चव हळूहळू बिघडत राहते. मटाराला दीड मिनिट, फरसबी आणि ब्रोकोलीच्या तुऱ्यांना तीन मिनिटं. थोडं क जीवनसत्त्व आणि फोलेट उकळतानाच जातं, पण पुढे घट फार संथ होते. आठवडाभर फ्रीजमध्ये पडलेल्या ताज्या मटारापेक्षा गोठवलेला मटार बहुतेक वेळा सरसच असतो. गोळे सारखे असले की सासऱ्यांचं प्रमाणही आपोआप सारखं राहील.

वाटसरू
म्हणजे माझा फ्रीजर इतके दिवस फक्त बर्फासाठी होता, ते चुकलंच.

गवतफूल
तीन आठवड्यांनी लिहितेय. थर्मामीटर ठेवला होता, फ्रीज ९ अंश दाखवत होता! बटण फिरवून ४ वर आणला. फळांचा आणि भाज्यांचा कप्पा वेगळा केला. रविवारी आता फक्त फ्लॉवरचे तुरे काढते, फरसबी निवडते आणि पालकाचे गोळे करते. गाजर-कोबी त्या त्या दिवशी, लेक सोलायला मदत करते. तीन आठवड्यांत एकही डबा टाकावा लागला नाही. सासऱ्यांच्या डॉक्टरांना आठवड्याचा आहार लिहून दाखवला. त्यांनी तो फाईलला लावून घेतला आणि हेच प्रमाण चालू ठेवा म्हणाले.

एक छोटी शंका. मशरूम उन्हात ठेवले की ड जीवनसत्त्व वाढतं म्हणतात, ते खरं आहे का?

कुंदकळी
खरं आहे. मशरूममधल्या अर्गोस्टेरॉलचं अतिनील किरणांनी डी२, म्हणजे ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, होतं. काप करून दुपारच्या थेट उन्हात ठेवा, अख्खे असतील तर खालची पापुद्र्यांची बाजू वर करून. काचेच्या खिडकीआड ठेवू नका, काच ते किरण अडवते. शिजवल्यावरही ते बऱ्यापैकी टिकतं.

गवतफूल
उद्याच करते. गॅलरीत साडेबारा ते दीड चांगलं ऊन असतं.